कुमेकावांचा पत्रव्यवहार

सुलभा टिपणीसनं पुण्यात जपानी शिकायला घेतलं तेव्हा तिच्या मालूमावशीनं कपाळाला हात लावला होता. "अगं, त्यापेक्षा टायपिंग शीक. जपानी बोलणार कुणाशी तू, मांजराशी?" मावशीचंही काही चुकत नव्हतं म्हणा. पण सुलभा हट्टी. चार वर्षं तिनं ती नक्षीसारखी अक्षरं गिरवली, वळणासाठी वर्गात शाबासकी मिळवली, आणि मग चारचौघींसारखं लग्न करून गिरीशच्या मागोमाग न्यू जर्सीत आली. पुढची दोन वर्षं त्या जपानीचा उपयोग शून्य. हॅकेनसॅकच्या दोन खोल्यांत पोळ्या लाटायच्या, रविवारी आयसेलिनला जाऊन तूरडाळ आणायची, आणि गिरीशच्या मित्रांच्या बायकांनी "तू काय करतेस गं?" असं विचारलं की विषय बदलायचा.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात फोर्ट लीमधल्या एका जपानी वाणसामानाच्या दुकानात तिला फळ्यावर चिठ्ठी दिसली. एका वृद्ध गृहस्थांची पत्रं वाचायला आणि लिहायला माणूस हवं, रोज दुपारी दोन ते पाच. मुलाखत घेतली त्या गृहस्थांच्या मुलीनं, काझुएबाईंनी. नवरा मोठ्या कंपनीत, अकराव्या मजल्यावर घर, खिडकीतून हडसनवरचा तो भलामोठा पूल. काझुएबाईंनी तिचं अक्षर पाहिलं, दोन पत्रं वाचून घेतली आणि तिथल्या तिथं होकार दिला. सुलभा हुरळून गेली. खरं कारण तिला पुढं कळलं. फोर्ट लीत जपानी बायकांना काय तोटा होता? पण त्यातली एखादी ठेवली असती तर घरातली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर. ही भारतीय बाई सांगून सांगणार कुणाला?

आणि सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

तोकुजी कुमेकावा, वय वर्षं शहात्तर. जपानच्या संसदेवर पाच वेळा निवडून गेलेला माणूस. चार महिने बर्फाखाली असणाऱ्या एका खोऱ्यात लाकडाच्या वखारवाल्याच्या पोटी जन्म. लढाईवरून परतला तेव्हा अंगावर फाटका कोट आणि खिशात अर्धं रताळं, असं तो स्वतःच सांगायचा. गावच्या पंचायतीपासून सुरुवात, मग जिल्हा, मग थेट तोक्यो. त्यानं खोऱ्याला बोगदा आणला, धरण आणलं, शाळांना छपरं आणली. कुणाच्या घरी मयत झाली की तिसऱ्या तासाला कुमेकावांचा माणूस दारात हजर. आपल्याकडचे पुढारी लग्नाला येतात, फोटो काढून घेतात, जेवून जातात. हा गडी निराळा. कुणाची म्हातारी दवाखान्यात आहे, कुणाचा नातू परीक्षेत आपटला, चार हजार घरांची खबर त्याला तोंडपाठ. जपानात खासदाराला 'सेन्सेई' म्हणतात. शिक्षकालाही तेच म्हणतात, त्यामुळं सुलभाच्या जिभेला तो शब्द सवयीचाच होता.

मग त्र्याहत्तर साली घोटाळा झाला. पुलाचं कंत्राट, ठेकेदार, हॉटेलातली खोली आणि नोटांची बॅग. बॅग नेताना पकडला गेला तो सेन्सेईंचा सेक्रेटरी, होरी. 'सेन्सेईंना यातलं काही माहीत नाही, मी माझ्या डोक्यानं केलं,' असं त्यानं लिहून दिलं आणि खटला उभा राहण्याआधीच जीव दिला. मेलेल्या माणसाची उलटतपासणी कोण घेणार? कुमेकावांनी 'माझं लक्ष कमी पडलं' म्हणून कंबरेत वाकून माफी मागितली, राजीनामा दिला आणि घरी बसले. त्यांच्याकडं ही रीतच पडून गेली होती म्हणे. साहेब अडकले की सेक्रेटरीनं केलं.

आता मुलगा मासाहिको बापाच्याच जागेवर उभा राहणार होता. जुलैच्या पहिल्या रविवारी मतदान. म्हातारा रस्त्यावर दिसला की लोकांना पूल आठवणार, म्हणून त्याला अमेरिकेत लेकीकडं धाडला. डोळे दाखवायला गेलेत, असं सांगायचं. डोळे मधुमेहानं खरंच गेले होते. तेवढं एक खोटं नव्हतं. पण आवाज शाबूत, आणि स्मरण तर विचारूच नका. रोज दुपारी ते खुर्चीत ताठ बसायचे आणि सुलभा लिहायची. 'आपल्या थोरल्या सूनबाईंना मुलगा झाला ऐकून आनंद वाटला. आपल्या अंगणातलं पर्सिमनचं झाड यंदा धरलं का?' मताचा उल्लेख कुठंही नाही. पण पत्र वाचून कुठल्या घरातलं मत कुठं जाईल हे शेंबड्या पोरालाही कळावं.

सुलभाला म्हातारा आवडायचा, हे आधी सांगून टाकते. त्यानं तिलाही त्या चार हजारांत धरलं होतं. "गिरीश-सानचा खोकला थांबला का? पुण्याहून आईंचं पत्र आलं?" वडील गेल्यापासून तिला इतकं बारकाईनं कुणी विचारलं नव्हतं. एकदा तिला घरची फार आठवण येत होती. ती काहीच बोलली नव्हती, नुसतं वाचत होती, तर ते म्हणाले, "आज तुमचा आवाज खाली बसलाय. चहा घ्या आधी." ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली. अशा माणसाबद्दल वाईट विचार करायचा तरी कसा?

एप्रिलमध्ये पहिलं पत्र आलं. साधा पांढरा लिफाफा, मागं नाव चिएको होरी. सुलभानं नाव वाचलं आणि सेन्सेईंच्या मांडीवरचा हात जरासा हलला.

होरीची मुलगी. बाप गेला तेव्हा अकरा वर्षांची, आता चोवीसची, एका बालवाडीत शिक्षिका. पत्रात राग नव्हता, रडगाणं नव्हतं. बापाच्या अस्थी तेरा वर्षं घरातल्या कपाटात आहेत, एवढंच होतं. आपल्याकडं अस्थी नदीत सोडल्या की माणूस मोकळा. त्यांच्याकडं त्या घराण्याच्या थडग्यात ठेवतात आणि थडग्याचा मालक थोरला भाऊ. होरीचा थोरला भाऊ म्हणाला होता, चोराला आमच्या वाडवडिलांशेजारी जागा नाही. आता चिएकोची आई आजारी होती, पोटाचा कॅन्सर. नवऱ्याशेजारी जायचं, एवढी एकच इच्छा. काका म्हणत होता, कुमेकावांनी सही-शिक्क्यानं एक ओळ लिहून दिली तर दार उघडतो. 'होरी माझ्या सांगण्यावरून गेला होता.' फक्त एवढी ओळ. खटल्याची मुदत कधीच संपलेली, कुणाला काही होणार नाही.

सुलभा वाचून थांबली. सेन्सेई म्हणाले, "हं. पुढचं पत्र."

"याचं उत्तर?"

"नको."

मेमध्ये दुसरं आलं. डॉक्टरांनी जूनअखेरची मुदत दिली होती. सेन्सेईंनी ते दोनदा वाचून घेतलं. खिडकीबाहेर पुलावरच्या गाड्यांची घरघर तेवढी चालू होती. शेवटी म्हणाले, "घ्या, लिहा." आणि त्यांनी सांगितलं. मार्चची एकवीस तारीख, बर्फ पडत होतं, होरीला ताप होता, मीच त्याला म्हणालो की आजच जाऊन बॅग घेऊन ये. तो म्हणाला, सेन्सेई, मला हे बरं दिसत नाही. मी म्हणालो, तुला दिसायची गरज नाही. एक पानभर झालं. सुलभानं अक्षर बिघडू दिलं नाही. शिक्का उद्या मारू, असं ठरलं.

रात्री तिनं गिरीशला सांगितलं, न राहवून. गिरीश टीव्हीसमोर बसला होता. "सुलू, प्लीज. आपण कशाला इन्व्हॉल्व्ह व्हायचं, यार? त्यांचं पॉलिटिक्स ते बघतील. तू फक्त लिही आणि घरी ये."

दुसऱ्या दिवशी सेन्सेईंचा चेहरा विस्तवावर पाणी ओतल्यासारखा झाला होता. मासाहिकोचा फोन येऊन गेला होता. "सुलभा-सान," ते म्हणाले, "कालचं पान फाडून टाका."

आता ऐका. तिच्या मनात आलं होतं, फाडल्यासारखं करावं आणि पर्समध्ये घालावं. म्हाताऱ्याला कुठं दिसतंय? पण त्यांचे कान असे टवकारलेले, कागद फाटल्याचा आवाज यायलाच हवा होता. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, वडीलधाऱ्यानं सांगितलं आणि आपण केलं नाही, असं तिच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं. तिनं पान फाडलं. आधी दोन तुकडे, मग चार, मग आठ.

तिसरं पत्र चार ओळींचं होतं. उत्तर नाही म्हणून मी स्वतः येते आहे. बारा जून, दुपारी तीन वाजता.

"उत्तर नको," सेन्सेई म्हणाले.

बारा जूनला काझुएबाईंना नेमकं बाहेर काम निघालं. बरोबर तीनला बेल वाजली. चिएको होरी बुटकी, चपट्या चपला, केस घट्ट बांधलेले, हातात मिठाईचा खोका. इतक्या लांब येऊनही पोरगी रिकाम्या हातानं आली नव्हती. वाकून नमस्कार झाला, सुलभानं चहा ठेवला. सेन्सेई गोड आवाजात म्हणाले, "होरीची मुलगी! केवढी मोठी झालीस! लहानपणी तुला आमच्या ऑफिसातल्या खुर्चीवर गोल गोल फिरायला आवडायचं." खरंच आवडत असणार, चिएकोचा चेहरा क्षणभर लहान मुलीसारखा झाला.

मग ती म्हणाली, "माझी तीन पत्रं आपल्याला मिळाली असतील."

"पत्रं?" सेन्सेईंनी मान तिरकी केली. "नाही बुवा. मला कुणी काही वाचून दाखवलं नाही." आणि थोडं थांबून, अगदी मायेनं म्हणाले, "माझी ही सेक्रेटरी परदेशी आहे. मेहनती आहे, पण भाषा अवघड पडते तिला. नजरचुकीनं बाजूला राहिली असतील. तिच्या वतीनं मी माफी मागतो."

सुलभाच्या कानशिलात कुणी लगावली असती तरी बरं. भाषा अवघड! चार वर्षांची शाबासकी पाण्यात! पण नवल ते नाही, नवल पुढंच आहे. ती उभी होती, दोघं तिच्याकडं तोंड करून बसली होती, आणि तिच्या कंबरेनं आपल्या आपण वाकायला सुरुवात केली. चारचौघांत मोठ्या माणसाला खोटं पाडायचं नाही, ही आईची शिकवण. चूक कुणाचीही असो, आधी वाकायचं, ही सेन्सेईंच्या घरची. दोन्ही एकदम धावून आल्या. तिच्या तोंडून स्वच्छ, शुद्ध, एकही चूक नसलेल्या जपानीत निघालं, "चूक माझी आहे. मीच बाजूला ठेवली होती. सेन्सेईंना यातलं काही माहीत नाही."

चिएको तिच्याकडं बघतच राहिली.

मग तिनं सेन्सेईंना सगळं तोंडी सांगितलं, अस्थी, काका, आई, ती एक ओळ. सेन्सेई डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, होरी फार गुणी माणूस होता, का असं केलं कळलंच नाही, मी फुलं पाठवतो. चिएकोनं एकदाच विचारलं, "निवडणूक झाल्यावर तरी?" ते म्हणाले, "निवडणूक झाल्यावर बघू." "आईजवळ तेवढे दिवस नाहीत." चहा निवून गेला.

सुलभा तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. गेली म्हणजे काय, राहवेना म्हणून पळतच गेली. रस्त्यावर आल्यावर तिनं सांगून टाकलं, "मी तिन्ही पत्रं वाचली. त्यांना वाचून दाखवली. दुसरं दोनदा."

"माहीत आहे," चिएको म्हणाली. "इतकं चांगलं जपानी बोलणारी बाई पत्र चुकवेल कशी?" आणि मग विचारलं, "तसं म्हणायला त्यांनी सांगून ठेवलं होतं का?"

"नाही."

"बाबांनाही कुणी सांगितलं नव्हतं, असं सगळे म्हणायचे. आईला मी वर्षानुवर्षं विचारायचे, बाबा असं का बोलले, आपण दोघी होतो ना घरी? मला त्यांचा फार राग यायचा. आज बघितलं. तुम्ही तर जपानीही नाही. ते आता कुणी खासदारही नाहीत." तिनं डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावर राहू दिलं. "एवढं सोपं असतं, होय?"

सुलभाला शरमेनं मरून जावंसं वाटलं. तिनं पानाबद्दलही सांगितलं. बर्फ, ताप, 'तुला दिसायची गरज नाही', सगळं शब्दन् शब्द.

"कुठं आहे ते पान?"

"फाडलं."

"कुणी?"

"मी."

चिएकोनं तिचा हात धरला. जपानी माणसं अशी परक्याचा हात धरत नाहीत. "माझ्याबरोबर वर चला. आत्ता. त्यांच्यासमोर म्हणा की असं पान होतं, मी लिहिलं होतं. तुमच्यासमोर त्यांना नाही म्हणता येणार नाही. शिक्का घरातच असेल. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचंच काम होतं. सुलभानं वर अकराव्या मजल्याकडं पाहिलं. म्हातारा एकटा बसला असेल, चहाचा कप चाचपडत असेल. त्याला तोंडावर खोटारडा म्हणायचं, 'तुमचा आवाज खाली बसलाय' म्हणणाऱ्या माणसाला? आणि गिरीश काय म्हणेल? तेवढ्यात बस आली. सुलभा म्हणाली, "उद्या मी त्यांच्याशी बोलते. एकटीच. नक्की बोलते. तसं जास्त बरं होईल."

चिएकोनं हात सोडला. तिनं खोल वाकून नमस्कार केला, निरोपाचा करतात तसा, आणि बसमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला सुलभा कामावर हजर झाली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती. दार उघडताच सेन्सेई म्हणाले, "काल तुम्हाला फार त्रास झाला. मी विसरणार नाही." आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तिच्यासाठी म्हणून ठेवलेला खरबुजाचा खोका दाखवला, रेशमी फीत बांधलेला. मग म्हणाले, "चला, आज एकवीस पत्रं आहेत." तिनं पेन उघडलं. तिसऱ्या पत्रानंतर बोलू, असं ठरवलं, मग सातव्या, मग उद्या. असे उद्या फार मिळतात माणसाला. जून संपला.

मासाहिको निवडून आला, चांगल्या मतांनी. त्या दिवशी घरात फोनवर फोन, काझुएबाईंनी त्यांच्याकडं आनंदाच्या दिवशी करतात तो लाल डाळीचा भात केला, सुलभालाही डबा भरून दिला. तो तिनं तसाच गिरीशपुढं ठेवला. गिरीश दोन वेळा जेवला.

वीस जुलैच्या सुमारास दोन टपालं एकदम आली. एक काळ्या किनारीचं कार्ड, सेन्सेईंच्या नावानं. होरी कुटुंबातील माता दोन जुलै रोजी निवर्तल्या. सुलभानं ते वाचलं. सेन्सेई ताठ बसले आणि त्यांनी सांत्वनाचं पत्र सांगितलं. इतकं सुंदर पत्र त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं. होरीच्या बायकोच्या हातच्या मुळ्याच्या लोणच्याची चवसुद्धा त्यात होती. लिहिता लिहिता उठून खिडकी उघडावी, खाली ओरडून सांगावं की हा माणूस असा आहे आणि मीही तशीच आहे, असं तिला वाटलं. खाली ऐकणार कोण होतं? आणि कुठल्या भाषेत?

"आणखी काही आहे?" सेन्सेईंनी विचारलं.

"एक आहे. माझ्या नावाचं."

"पुण्याहून?"

"नाही. चिएको होरीचं."

सुलभानं न विचारता मोठ्यानं वाचलं. दोनच ओळी होत्या. 'आई-बाबा आता दोघंही माझ्या कपाटात आहेत. राहवत नाही म्हणून विचारते, तुम्ही त्यांच्याशी बोललात का?'

मग सुलभा म्हणाली, "काय उत्तर लिहू, सेन्सेई?" तिचा आवाज चिरका झाला होता. तेरा वर्षांपूर्वीचा तो ताप आलेला माणूस असाच उभा असेल, असं तिला वाटून गेलं, आणि आता तरी म्हातारा तुटेल, शिक्का आणा म्हणेल, उशिरा का होईना. ती वाट बघत राहिली.

चार हजार घरांसाठी शब्द असणाऱ्या त्या माणसानं ओठ दोनदा उघडले, मिटले. मग तोंड खिडकीकडं वळवून म्हणाला, "पत्र तुमच्या नावाचं आहे. तुम्हाला वाटेल ते लिहा. मला त्यातलं काही माहीत नाही."

सुलभानं कोरा कागद घेतला. तारीख घातली, नाव घातलं. वेलबुट्टी काही नाही, हवापाण्याची चौकशी नाही, जपानीत शिष्टाचार म्हणून ज्या चार ओळी आधी लिहाव्याच लागतात त्याही नाहीत. तिनं लिहिलं, 'नाही. मी बोलले नाही.'

आणि खाली आपली सही केली.